साठ टक्क्यांचा हिशेब

"शैले, परत बंद पडला काय गं?" बाहेरच्या खोलीतून आप्पांनी विचारलं आणि मी धडधडीत खोटं बोलले.

"नाही आप्पा, मीच बंद केलाय. जरा गार होऊ दे म्हटलं."

कशाचं काय! काम लावून जरा वेळ होतोय तोवर टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातले पंखे घोंघावायला लागले, 'टक्' असा आवाज झाला आणि पडदा काळाठिक्कर. सकाळपासून हे तिसऱ्यांदा. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. बाहेर बशीत कप ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तात्यांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ते मोजूनमापून खाकरणं.

कराडच्या सोमवार पेठेत आमचं घर. मधल्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर, बाहेरच्या खोलीत पाहुणे. इस्लामपूरहून आलेले तात्या, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचा थोरला मुलगा उमाकांत, माझा नवरा. आणि हे लग्न जमवणारा माझा बबनमामा. तिघंही मला न्यायला आले होते. मी घर सोडून माहेरी आले त्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना आप्पांनीच माझी समजूत घातली होती आणि स्वतः एसटीत बसवून मला इस्लामपूरला पोहोचवलं होतं. या खेपेला मी येताना कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचं सर्टिफिकेट आणि लग्नात आईनं दिलेला डबा एवढंच घेऊन आले होते आणि आल्या आल्या सांगितलं होतं, मी काम करणार.

कामही मिळालं. पुण्याच्या दातार मॅडम, आर्किटेक्ट. इमारत उभी राहायच्या आधीच ती आतून कशी दिसेल ते फिरून फिरून दाखवणारी फिल्म करायची. वॉकथ्रू म्हणतात त्याला. पहिली फिल्म रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवली, तर दर महिन्याला काम देईन, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि नेमक्या त्याच रविवारी सकाळी ही मंडळी दारात.

सकाळी आल्या आल्या तात्यांनी चहा घेतला आणि विषय काढला. "भानुदासराव, मुलगी गुणाची आहे, पण तोंडाला आवर नाही. उलट बोलते. वडीलधाऱ्यांना उलट बोललेलं आमच्याकडे चालत नाही."

"माझी पोर उलट बोलत न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् आता ती मोकळी बी बसलेली न्हाई. पाच वाजता तिचं काम पुण्याला जातंय. महिन्याच्या महिन्याला काम येणार हाय तिला."

बबनमामानं मांडी बदलली. "आणि नाही गेलं तर, दाजी?"

"जाणार म्हंजे जाणार."

"पण नाही गेलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं," आप्पा म्हणाले. "माझा शब्द."

मी दाराआड उभी होते. माझं रक्त असं उसळलं म्हणता! माझ्या जन्माचं बोलणं चाललंय आणि मला कुणी विचारतसुद्धा नाही! पण आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. आमच्या पेठेत भानुदास वायरमननं सांगितलं की गणपतीच्या आत लाईट लागणार, तर लोक खुशाल मखराची तयारी करायचे. आयुष्यात त्यांनी शब्द फिरवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता तो शब्द माझ्या मानेवर येऊन बसला होता.

तेव्हा मी खोटं का बोलले ते कळलं ना? बाहेर तीन माणसं कान देऊन बसली होती.

मी पुन्हा बटण दाबलं. मशीन निमूट सुरू झालं. नुसतं चालू ठेवलं, चित्रं बघितली, फायली उघडल्या, तर त्याला काही होत नव्हतं. झालेलं कामही डिस्कवर शाबूत होतं, जिथं थांबलं तिथून पुढं लावता येत होतं. पण रेंडर, म्हणजे चित्रामागून चित्र तयार करायचं ते खरं जड काम, लावलं रे लावलं की 'टक्'.

आणि असं का होतंय ते मला माहीत होतं.

आठवडाभरापूर्वी आम्ही इम्तियाजभाईंच्या दुकानात गेलो होतो. माझा जुना कॉम्प्युटर या कामाला पुरणारा नव्हता, म्हणून नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि एक दांडगं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं होतं. इम्तियाजभाईंनी सगळं काऊंटरवर मांडलं आणि म्हणाले, "आप्पा, एसएमपीएस पण मोठा घ्यावा लागेल बरं का."

एसएमपीएस म्हणजे डब्याच्या मागच्या बाजूला बसवलेला पत्र्याचा ठोकळा. घरातली वीज तो आत घेतो आणि डब्यातल्या सगळ्यांना वाटून देतो. विजेचं नाव निघालं आणि आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली. मग काय! आता त्यांचं राज्य.

"प्रोसेसर किती खातो? कार्ड? डिस्क? पंखे?" एकेक आकडा विचारून त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर बेरीज मांडली. खाली रेघ ओढली. "आता ह्याचे साठ टक्के."

"साठ टक्के कशाला, आप्पा?" इम्तियाजभाईंना कळेना.

"आरं, घराचा लोड कसा काढतात? दिवे, पंखे, मिक्सर, इस्त्री, गिझर, समद्यांची बेरीज करून तेवढी वायर ओढली, तर गिऱ्हाईक माझ्या नावानं शिमगा करंल. सगळं एकदम कधी चालतंय व्हय? इस्त्री चालू तर मिक्सर बंद. गिझर सकाळी, टीव्ही संध्याकाळी. साठ टक्के धरायचं, घर आरामात चालतंय. उभी हयात हेच करत आलोय मी." त्यांनी आकड्याभोवती गोल काढला. "म्हंजे जुना ठोकळाच पुरून उरतोय."

"जुना तर कॅबिनेटबरोबर फुकट आलेला," इम्तियाजभाई म्हणाले. "लेबलावर लिहिलंय तेवढं तो देत पण नाही, आप्पा. हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतोय." मग ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा की. काम तुम्ही करणार."

मी सांगायला हवं होतं. जड काम लागलं की आतलं काहीच बंद राहत नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. पण मी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. इस्लामपूरच्या घरात सहा वर्षं काढल्यावर जीभ उचलायच्या आधीच माणूस इकडंतिकडं बघायला शिकतो. शिवाय आप्पा त्या दुकानात इतक्या दिवसांनी खुलले होते. पोरीसाठी आपल्याला येतंय असं काहीतरी करता आलं, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मी म्हटलं, "आप्पा म्हणतायत ते ठीक आहे."

ठीक! आता बघा किती ठीक होतं ते.

चौथ्यांदा मशीन गेलं तेव्हा लपवायची सोय राहिली नाही. आप्पा त्याच वेळी पाण्याचा तांब्या घेऊन आत आले होते. त्यांनी काळा पडदा बघितला, तांब्या खाली ठेवला आणि न बोलता आपली हत्यारांची पिशवी आणली. भिंतीवरच्या बोर्डाचं सॉकेट खोललं, मीटर लावला, वायरी ओढून बघितल्या.

"व्होल्टेज तर बरोब्बर हाय," ते पुटपुटले. "तापत असंल."

बाहेर जाऊन त्यांनी टेबलफॅन उचलून आणला आणि डब्याचा बाजूचा पत्रा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"पंखासुद्धा नेला?" बाहेरून तात्या म्हणाले. "आम्ही इकडे घामानं भिजतोय."

मी पुन्हा काम लावलं. आप्पा वाकून आत बघत होते. पंखे चढले, चढले, आणि 'टक्'.

आप्पांच्या कपाळावर घाम होता. "सावकाश चालव की गं. एकाला चालवायचं, एकाला बंद ठेवायचं. जमत न्हाई?"

"जमतं. पण मग परवा दिवशी संपेल."

तेवढ्यात आईनं पानं घेतली. जेवायला सगळे बसले. आमटी, भात, वांग्याची भाजी, भाकरी. मामानं ताटाकडं बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आक्का, जावई घरी आलाय आणि पानात गोड नाही?"

"साखर संपलीय," आई म्हणाली.

साखरेचा डबा फडताळात काठोकाठ भरलेला होता. कालच तर मी आणून ओतली होती. मी आईकडं बघितलं, पण ती तात्यांना भात वाढण्यात गुंतली होती. उमाकांत खाली मान घालून जेवत होता. सकाळपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. हे त्याचं नेहमीचंच. बोलायचं काम तात्यांचं.

हात धुवून मी आत आले आणि आप्पा एकटे सापडतात का म्हणून थांबले. एकट्यात सांगितलं असतं, आप्पा, ठोकळा बदला, कुणाला कळायचंसुद्धा नाही. पण आप्पा आत आले ते तात्यांना मागं घेऊनच. तात्या उंबऱ्यात उभे राहिले, हाताची घडी घालून, वर्गाच्या दारात उभे राहावेत तसे. त्यांच्यामागं मामा. त्याच्यामागं उमाकांत.

"काय, चालतंय का नाही?" तात्यांनी विचारलं.

"चालंल की," आप्पा म्हणाले. "अर्थिंगचा काहीतरी घोळ असावा. आत्ता काढतो." आणि ते पुन्हा सॉकेट खोलायला बसले. जुनं, बरोबर असलेलं सॉकेट. त्यांची बोटं स्क्रूवर घसरत होती. घड्याळ पुढं सरकत होतं आणि ते बिचारे जिथं चूक नव्हतीच तिथं शोधत होते.

बोलावं तर चारचौघांत बापाला चूक म्हणायचं. तात्यांना तेवढंच हवं होतं. उलट बोलते म्हणतो ना आम्ही, बघा. आणि सकाळी आप्पांनी काय सांगितलं होतं, तर माझी पोर उलट बोलत नाही. न बोलावं तर पाच वाजणार आणि बॅग भरायची.

"आप्पा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की माझा मलाच राग आला. मी पुन्हा म्हणाले, "आप्पा, ते सोडा. चूक सॉकेटात नाही. ठोकळा लहान पडतोय."

"न्हाई पडणार. मी लोड काढलाय, साठ टक्क्यानं."

"तेच चुकलंय तुमचं."

तात्या हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "ऐकलंत, बबनराव? बापाला चुकलंय म्हणते. ज्या बापानं आणून दिलं त्याला. तिथं आमची काय कथा!"

"असंच असतं तिचं," उमाकांत म्हणाला. दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य.

"शैले, अगं माफी माग," मामा म्हणाला. "आप्पांची माफी माग आधी."

मी आप्पांकडं बघत होते. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. उभ्या हयातीत त्यांच्या लोडच्या हिशेबाला कुणी बोट लावलेलं नव्हतं, आणि लावलं ते पोरीनं, व्याह्यांदेखत. मला वाटलं, आता ते ओरडणार. आणि ओरडले असते तर मी खरंच माफी मागितली असती. इतकी मी तेव्हा भित्री होते, बाई.

आप्पांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"काय चुकलं? नीट सांग," ते म्हणाले.

"घरात इस्त्री चालू असली की मिक्सर बंद असतो," मी म्हणाले. "इथं तसं नाही, आप्पा. हे काम लागलं की प्रोसेसर पुरा, कार्ड पुरं, डिस्क, पंखे, सगळे सुरू. कुणी दुसऱ्यासाठी थांबत नाही. सगळ्यांचा भार त्या एकट्या ठोकळ्यावर येतो. त्याला सोसत नाही, म्हणून तो बंद पडतो."

"समदे एकदम?"

"सगळे एकदम. आणि काम संपेपर्यंत."

आप्पांनी भिंतीवर, नेहमी लोड काढतात तसा, पेन्सिलीनं एक आकडा लिहिला. मग त्याच्याकडं बघतच राहिले. कॉम्प्युटरचा एवढासा हिशेब, त्याला इतका वेळ काय लागतो, मला कळेना. मग ते उठले, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि तात्यांना म्हणाले, "वाट सोडा जरा." लुना सुरू झाल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडाशी विरून गेला.

ते येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला, माझं मला माहीत. तात्या खुर्ची ओढून उंबऱ्याजवळच बसले. आवाज एकदम मऊ केला त्यांनी. "शैलजा, झालं गेलं विसरून जाऊ आपण. तुझ्या सासूबाईंचं तुझ्यावाचून अडलंय. त्यांना उठवायचं बसवायचं, पथ्याचा स्वयंपाक, उमाकांतच्या क्लासची पोरं, धाकट्यांचं बाळ. सगळं खोळंबलंय. बॅग भरून ठेव, म्हणजे साडेपाचची गाडी मिळेल."

"पाच वाजू देत की आधी," आतून आई म्हणाली. एवढंच म्हणाली, पण भांडं असं आपटलं की तात्या गप्प झाले.

लुना आली. आप्पांनी पुढ्यातलं खोकं दोन्ही हातांनी धरून आत आणलं. "जेवणावरनं उठवला इम्तियाजला. वजन बघ," ते म्हणाले आणि नवा ठोकळा माझ्या हातात दिला. हात खाली गेला माझा.

"तूच बसव," आप्पा म्हणाले. "मी बत्ती धरतो."

लहानपणापासून मी त्यांच्यासाठी बत्ती धरत आले होते. माळ्यावर, मीटरच्या पेटीपाशी, विहिरीच्या मोटारीवर. आज ते माझ्यासाठी बत्ती धरून गुडघ्यावर बसले. मी जुना ठोकळा काढला, नवा बसवला, एकेक वायर खोचत गेले. ते मध्ये एकदाच बोलले, "घट्ट बसव."

मी काम लावलं. पंखे चढले. चढत गेले. जिथं 'टक्' व्हायचं ती वेळ आली, मी डोळे मिटले, आणि काही झालं नाही. पडद्यावर एक चित्र पुरं झालं. मग दुसरं. मग तिसरं.

आप्पा डब्याजवळ फरशीवर बसले होते. मोटार तापलीय का बघताना ठेवतात तसा त्यांनी तळहात पत्र्यावर ठेवला होता. "तापत न्हाई," ते म्हणाले. पण हात काही काढला नाही. तसेच बसून राहिले, भिंतीवरच्या आकड्याकडं बघत. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, अजून बेरीज करतायत.

काम पळत होतं, पण घड्याळ त्याच्यापेक्षा जोरात पळत होतं. पाच वाजले तेव्हा पडद्यावर अजून बरंच उरलं होतं.

तात्यांनी मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं धरलं. "पाच झाले, भानुदासराव. काम गेलं?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग शब्द तो शब्द," तात्या म्हणाले. "चल, शैलजा. उमाकांत, रिक्षा बघ."

"थांबा," आप्पा उठत म्हणाले. त्यांचे गुडघे वाजले. ते बाहेरच्या खोलीत गेले आणि उमाकांतसमोर उभे राहिले. एरवी तोंडभरून जावईबापू म्हणायचे त्याला. आज नुसतं नावानं बोलावलं. "उमाकांत, मला एक सांग. तू हिच्यावर हात उचललास, तवा घरात कोण कोण हुतं?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मामा घाईघाईनं म्हणाला, "दाजी, आता कशाला ते जुनं उकरून..."

"तू गप, बबन. मी ह्याला विचारलंय."

उमाकांतनं तात्यांकडं बघितलं.

"तात्या, तुम्ही हुता?" आप्पांनी विचारलं.

"होतो. म्हणजे मी पेपर वाचत होतो. नवराबायकोच्या मध्ये पडू नये माणसानं."

"आन् विहीणबाई?"

"तिथंच. कॉटवर."

"धाकला?"

मीच सांगितलं. "भावोजी दारात होते, आप्पा. त्यांनी दार आतून लावून घेतलं. शेजारी ऐकू जाईल म्हणून."

"म्हंजे समदे एकदम," आप्पा म्हणाले.

भिंतीला हात टेकून ते उभे होते. "हिनं मला सांगितलं हुतं. दोन्ही खेपेला सांगितलं हुतं. मी काय म्हणालो, म्हायताय? म्हणालो, पोरी, घर म्हटलं की एक तापतो, दुसरा निवतो. नवरा चिडला तर सासरा सावरंल. सासू बोलली तर दीर हाय. समदे एकदम थोडेच तापतात?" त्यांचा आवाज फाटला. "साठ टक्के धरलं मी! पोटच्या पोरीला साठ टक्क्याच्या हिशेबावर दोनदा परत नेऊन घातली. डबा बंद पडतोय, त्याला तेवढी तरी अक्कल हाय. माझी पोर बंद बी पडली न्हाई. सोसत बसली."

मला रडू आवरेना. आईनं मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओला, साबणाचा हात.

तात्यांनी टोपी सारखी केली. "ते सगळं ठीक आहे. पण तुम्ही शब्द दिला होता."

"दिला हुता. मागं घेतो."

"भानुदास वायरमन शब्द मागे घेतो?"

"घेतो. जावा, पेठेत सांगा, स्टँडावर सांगा. भानुदासनं शब्द फिरवला म्हणावं. तिचं काम जावो न्हाईतर न जावो, माझी पोर हितनं हालत न्हाई."

तात्या आणखी काही बोलले असते, पण उमाकांतच उठला आणि चपला घालायला लागला. जाताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. मामा मागं रेंगाळला. "आक्का, लोक काय म्हणतील?" असं काहीतरी म्हणाला. आईनं त्याच्या हातात त्याची पिशवी दिली.

ते गल्लीच्या वळणापलीकडं गेले आणि आईनं फडताळातला साखरेचा डबा खाली काढला. शिऱ्याचा रवा भाजल्याचा वास घरभर सुटला. मी मात्र मशीनसमोरून उठले नाही. फिल्म पुरी होऊन पुण्याला गेली तेव्हा देवापाशी दिवा लागला होता. मनातल्या मनात हात जोडूनच मी दातार मॅडमना फोन लावला. मॅडम, उशीर झाला, चूक झाली, पुन्हा होणार नाही, मी बोलतच सुटले.

"अगं थांब, थांब," त्या म्हणाल्या. "मला ती उद्या सकाळी दाखवायची आहे. पाच म्हटलं की माणसं सातला देतात, म्हणून मी पाच सांगितलं होतं. थोडी जागा ठेवावी लागते गं नेहमी."

मी फोन ठेवला आणि इतकी हसले, इतकी हसले की आप्पा धावत आत आले. त्यांना वाटलं, पोरीला काही झालं.

शब्द फिरवल्याचं पेठेत बरेच दिवस बोललं गेलं. आप्पांनी ते ऐकून घेतलं. इस्लामपूरशी माझा संबंध पुढं कोर्टातून रीतसर मिटला. दातार मॅडमची कामं मी अजून करते आणि माझ्या हाताखाली आता तीन मुली आहेत.

पण मला सांगायचंय ते आप्पांचं. त्यानंतरही त्यांनी बरीच घरं वायर केली. फक्त रीत बदलली त्यांची. नव्या घरात गेले की मालकाला बाहेर बसवायचे, स्वतः थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसायचे आणि घरातल्या बाईला विचारायचे, "ताई, तुमच्याकडं एकदम काय काय चालतंय?" बायका आधी बावरायच्या. असलं काही त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसायचं. मग त्या हळूहळू सांगायला लागायच्या, आणि आप्पा कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर लिहीत राहायचे. ती सांगेल ते सगळं. त्यातला एक टक्कासुद्धा कमी न करता.